घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस: नेम सुटतो, त्याचं काय करायचं?

प्रश्न
वडीलधारं माणूस अंथरुणाला खिळलं की घरातली पूजा, हरिपाठ, एकादशी सगळं मागे पडतं आणि रुखरुख लागून राहते. शी-शू काढल्यावर देवाला हात लावायचा का, हाही प्रश्न असतोच. वारकरी परंपरेत याला काय उत्तर आहे? आणि सेवा नीट करायची म्हणजे नेमकं काय करायचं? कूस किती वेळाने बदलायची, पाठीला तेल चोळायचं का?

उत्तर १
चंद्रभागेत स्नान झालं की आधी वाळवंटातल्या पुंडलिकाचं दर्शन घेतात, मग विठ्ठलाचं. या क्रमातच तुमचं उत्तर आहे. आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकाने दारी आलेल्या देवाकडे वीट सरकवली आणि थांबायला सांगितलं, अशी कथा आहे. देव थांबला, सेवा थांबली नाही. तेव्हा आरती आणि कूस बदलायची वेळ एकदम आली, तर थांबायचं आरतीने. हरिपाठ पलंगाशेजारी बसून म्हणा, म्हणजे आजारी माणसाच्याही कानावर पडतो. सोवळ्याची चिंता नको. साबणाने हात धुवा, कपडे बदला आणि दिवा लावा.

उत्तर २
कूस साधारण दर दोन तासांनी बदला: डावी, उताणी, उजवी. कुशीवर पूर्ण आडवं करू नका, कारण सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी देऊन 30 अंशांइतकंच कलतं ठेवा. एक उशी गुडघ्यांमध्ये हवी. पोटऱ्यांखाली अशी उशी द्या की टाचा गादीला टेकणार नाहीत.

वर सरकवताना ओढू नका, चादरीच्या घर्षणाने कातडी सोलवटते. पाठीखाली दुहेरी चादर घाला आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून उचला.

रोज अंग पुसताना माकडहाड, खुबे, टाचा आणि डोक्याची मागची बाजू बघा. लाल डाग बोटाने दाबूनही पांढरा पडत नसेल तर ती जखमेची सुरुवात समजा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे गरम किंवा कडक लागणारी जागा शोधा. तिथे तेल चोळायचं नाही! आतल्या नाजूक पेशी आणखी दुखावतात. त्या जागेवर भार येऊ देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. गोल रिंगची उशीही टाळा, तिच्या कडेने रक्तपुरवठा दबतो.

भरवताना शक्य तितकं ताठ बसवा, घास गिळल्याची खात्री करूनच पुढचा चमचा द्या आणि नंतर अर्धा तास आडवं करू नका. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर डॉक्टरांना सांगा.

प्रश्नकर्ता
एअर बेड आणला तर रात्रीचं उठणं वाचेल का?

उत्तर २
नाही, कूस बदलावीच लागते. दोन वेळांमधलं अंतर वाढवायचं का, ते डॉक्टर कातडी बघून ठरवतील. हवा पुरेशी आहे का ते बघायला एअर बेडच्या खालून, माकडहाडाच्या जागी तळहात सरकवा. हाड हाताला लागलं तर हवा कमी आहे. वर जाड चादरींचे थर घातलेत तर बेडचा उपयोगच जातो.

उत्तर ३
एक गोष्ट राहिली. ही सेवा बहुतेक घरांत एकट्या सुनेवर येऊन पडते आणि बाकीचे तिचं कौतुक करतात. पुंडलिक मुलगा होता, हे विसरू नका. भिंतीवर कागद लावा: वेळ, कूस, कोणी केलं. रात्री 10 आणि 12 एकाने, 2 आणि 4 दुसऱ्याने. अंग पुसताना दार लोटून घ्या, आणि हात लावण्याआधी "बाबा, आता डावीकडे वळवतोय" असं सांगा. ते बोलत नसले तरी सांगा.