रांगतं बाळ आहे, फिनेल बंद करायचंय. सुरुवात कुठून करू?

सईची आई, विश्रामबाग, सांगली
लेक आता घरभर रांगते. आमची फरशी शहाबादी, ती रोज फिनेलनं पुसायची सवय. पुसून झालं की खोलीत वास कोंडतो आणि ही ओल्या फरशीवर हात टेकून तीच बोटं चोखते. एका व्हिडिओत लिंबूवर्गीय सालींचं बायो-एन्झाइम पाहिलं: 1 भाग गूळ, 3 भाग साली, 10 भाग पाणी, तीन महिने मुरवायचं. आपल्याकडे गुळाला काय तोटा? करू का? भांडी आणि डासांचंही सांगा. सासूबाई बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या ठेवतात, तेही मला आवडत नाही.

फरशीकाम, मिरज
ताई, शहाबादीवर ते वापरू नका. हा दगड चुनखडीचा आणि ते पाणी आंबट. लिंबू, व्हिनेगर, एन्झाइम, कशानंही चकाकी जाते, पांढुरके डाग पडतात आणि ते पुसून निघत नाहीत. सिरॅमिक टाइल असेल तिथं पातळ करून चालेल.

गावभागातली काकू
सईच्या आई, आधी एक सांगते, साफसफाईचं कुठलंही महागडं किट घेऊ नकोस. घरात आणखी एक वस्तू आणण्याआधी कुठल्या बाटल्या बंद करता येतात ते बघ.

फरशीला रोज साधं पाणी पुरतं. तेलकट झाली तर रिठ्याचं पाणी घाल. दहा-बारा रिठे फोडून बिया काढायच्या, टरफलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवायची, सकाळी पंधरा मिनिटं उकळून, कुस्करून गाळायचं. बादलीत अर्धी वाटी टाकलं की झालं. याच पाण्यात लोकरी आणि रेशमी कपडेही छान निघतात. मात्र ते टिकत नाही. फ्रिजमध्ये ठेव, आठवड्यात संपव, आंबूस वास आला की फेकून दे. आणि डोळ्यात जाऊ देऊ नकोस, फार झोंबतं. बाळाच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेव.

भांड्यांना प्लास्टिकचा स्क्रबर कशाला? वेलावर एक घोसाळं जून होऊन वाळू दे, साल काढून बिया झटकल्या की आतली जाळी तयार. झिजली की कुंडीत पुरायची. तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ.

डांबरगोळ्या मात्र आजच काढ, यात भीड नको. त्यातल्या नॅप्थलिनमुळे काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्यांना हा धोका जास्त, आणि आपल्या बाळाला ते कमी आहे का हे आपल्याला कुठं माहीत असतं? सासूबाईंना सांग, "आई, वेखंड आणि कडुलिंबाचा वाळका पाला ठेवूया, तुमच्या लहानपणी तेच असायचं ना?" कपडे कडक उन्हात वाळवून मगच कपाटात. आधी गोळ्यांत ठेवलेले धुऊन घे.

डासांना मच्छरदाणी. कॉइल नको, आणि तिच्याऐवजी बंद खोलीत कडुलिंबाचा धूरही नको, छातीत जातो तो धूरच.

सईची आई
काकू, मनापासून आभार. मग संडासालाही रिठाच वापरू का?

गावभागातली काकू
नाही गं. घाण साफ करणं वेगळं आणि जंतू मारणं वेगळं. कुणाला जुलाब झाले, घरात पुराचं पाणी शिरलं, तर ब्लीचिंग पावडरच हवी. 2019 आणि 2021 ला कृष्णेचं पाणी उतरल्यावर आम्ही आधी चिखल काढला, धुतलं आणि मग पावडरच वापरली. दारं-खिडक्या उघड्या ठेव, बाळाला तेवढा वेळ शेजारी पाठव. पावडर अ‍ॅसिडमध्ये, संडासच्या क्लीनरमध्ये किंवा व्हिनेगरमध्ये कधीही मिसळू नकोस, क्लोरीनचा विषारी वायू होतो.

रिठे गणपती पेठेत सुटे मिळतील. पिशवी घरून ने.