लिलावातून घेतलेली इशापूर रायफल, वर्णनात 'सगळे नंबर जुळतात', हातात आली तर बोल्ट दुसराच. परत करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. थोडं घाईत लिहितोय, कारण सोमवारी रात्री माझी रायफल नाकारायची मुदत संपते.

मी ओहायोत असतो, ग्रीन कार्ड आहे, दोनेक वर्षं रेंजवर जातो, आत्तापर्यंत दोन रायफली घेतल्या पण दोन्ही दुकानातून, हातात धरून, बघून. ऑनलाइन लिलावात ही पहिलीच वेळ. (व्हिसावर असलेल्यांनी कृपया हे वाचून उडी मारू नका, एच-१बी वगैरेवर इथे बंदूक बाळगायला सरसकट बंदी आहे, अपवाद मोजके आहेत, आधी वकिलाला विचारा.)

घेतली ती इशापूर २ए१, १९६७ ची. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, ही बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी रायफल फॅक्टरीत बनलेली, दिसायला हुबेहूब जुनी थ्री नॉट थ्री, पण ७.६२ च्या गोळीसाठी चांगलं पोलाद वापरून नव्याने बनवलेली. बरेच लोक समजतात की जुन्या थ्री नॉट थ्रीची नळी बदलून केलीय, तसं नाही. ६२ च्या चीन युद्धानंतरचं काम. आधीची २ए, तिच्या मागच्या साइटवर (नेम धरायच्या पट्टीवर) २००० मीटरपर्यंत आकडे असायचे, २ए१ ला ते ८०० वर आणले. मॅगझिनही चौकोनी, लगेच ओळखू येतं. नंतर सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराने काढून टाकलेल्या मालात, बऱ्याच अमेरिकेत आल्या.

मला हीच का हवी होती तर माझे बाबा साताऱ्याला पोलिस मुख्यालयात होते, लहानपणी मी त्यांना गार्ड ड्युटीवर इशापूरचीच थ्री नॉट थ्री खांद्याला लावून उभं बघितलंय. .३०३ ची गोळी इथे महाग आणि सहज मिळत नाही, म्हणून ७.६२ वाली बघितली. अशोकस्तंभ आणि खाली आर.एफ.आय. (रायफल फॅक्टरी इशापूर) कोरलेलं बघितलं आणि खरं सांगतो राहवलं नाही.

आता मुद्दा. विकणारा टेनेसीतला छोटा दुकानदार, लायसनवाला. लिस्टिंगमध्ये स्पष्ट लिहिलेलं 'सगळे नंबर जुळतात, बोअर उत्तम, लाकडाला तडा नाही' (म्हणजे सुट्या भागांवर एकच नंबर, आणि बोअर म्हणजे नळीची आतली बाजू). अकरा फोटो होते. बोली लावायच्या आधी मी साइटच्याच मेसेजमधून मुद्दाम विचारलं की बोल्टचा (नळीचं मागचं तोंड बंद करणारा, दांडीने मागेपुढे सरकणारा भाग) नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) जुळतो का, उत्तर आलं 'हो, सगळे जुळतात'. शेवटच्या पंधरा मिनिटांत कुणी बोली लावली की तिथे वेळ वाढत जातो, तसं करत करत ५६५ डॉलरला मला सुटली. वर ४५ शिपिंग. कार्डने दिले तर तीन टक्के जास्त म्हणाला म्हणून मी पोस्टाची मनीऑर्डर पाठवली. ते सतरा डॉलर वाचवले त्याचा आता मनस्ताप होतोय.

शुक्रवारी रायफल माझ्या इथल्या डीलरकडे आली. दुसऱ्या राज्यातून बंदूक थेट घरी येत नाही, आपल्या राज्यातल्या लायसनवाल्या डीलरकडे यावी लागते, तिथे ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तो फोनवरून किंवा कॉम्प्युटरवर पार्श्वभूमी तपासतो आणि मग ताब्यात देतो. शनिवारी गेलो, डीलरकाकांनी फॉर्म पुढे सरकवला, मी म्हटलं आधी एकदा बघू द्या. बरं झालं विचारलं. रिसीव्हरवर शेवटचे चार आकडे ४८२१. बोल्ट काढून दांडीच्या मागे बघितलं तर ७०३६. तेही आधीचा नंबर घासून त्यावर नवा ठोकल्यासारखा, कडेला जुन्या सातची वरची रेघ अजून दिसते. आणि खालचं लाकूड जिथे मागे रिसीव्हरशी संपतं तिथे बोटभर लांब तडा, त्यात कुणीतरी गोंद भरून तेल चोळलंय, दिव्याखाली तिरकं धरलं तरच दिसतं. घरी येऊन ते अकरा फोटो परत बघितले, बोल्टची मागची बाजू एकातही नाही.

मी फॉर्म भरला नाही. रायफल डीलरकडेच आहे. विकणाऱ्याला फोटो पाठवले, त्याचं उत्तर 'मिलिटरी सरप्लस, जशी आहे तशी, परत घेत नाही'. आणि खरंच लिस्टिंगच्या तळाशी बारीक अक्षरात ती ओळ आहे. पण वर रिटर्नच्या रकान्यात त्यानेच 'तीन दिवस तपासणी' निवडलंय. डीलर रविवार-सोमवार बंद.

माझे प्रश्न: फॉर्म भरला नाही म्हणजे माझी बाजू मजबूत आहे का? 'जशी आहे तशी' म्हटलं की विषय संपतो का? मनीऑर्डरने दिलेले पैसे परत कसे मागायचे? आणि दुसरा बोल्ट असलेली रायफल चालवायला सुरक्षित असते का, की हट्ट न करता शंभर डॉलर कमी करून घेऊन ठेवून द्यावी?

---

जुनंलाकूड:
फॉर्म भरला नाहीत हे सगळ्यात चांगलं केलंत. एकदा ट्रान्सफर झाली की ती तुमच्या नावावर वापरलेली बंदूक, मग कुठलाही दुकानदार हात झटकतो. आत्ता तुमचा डीलर ती सरळ परत पाठवू शकतो, लायसनवाला ते लायसनवाला, त्याच्या वहीत आवक-जावक दोन नोंदी, बस. कागदावर ती तुमची झालेलीच नाही.

बोल्टचं विचाराल तर जीवाशी खेळ नको. ली-एनफिल्डचा (म्हणजे या थ्री नॉट थ्रीच्या घराण्यातल्या रायफलींचा) बोल्ट त्या-त्या रायफलला बसवलेला असतो. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाच्या बुडामागे किती मोकळी जागा राहते त्याला हेडस्पेस म्हणतात, ती जास्त झाली तर पितळी केस फाटून गरम वायू मागे येऊ शकतो, तुमच्या तोंडाकडे. गनस्मिथकडे गेज असतात, गो वर बंद व्हायला पाहिजे, नो-गो वर नाही. ठेवायची ठरली तर हे केल्याशिवाय एकही गोळी उडवू नका. आणि तडा असलेल्या जागी रिकॉइलचा, म्हणजे गोळी सुटताना मागे बसणारा, सगळा धक्का येतो, तो वाढणारच.

डेटनकर:
मी वकील नाही पण धंद्यात या भानगडी बघितल्यात. 'जशी आहे तशी' लिहिल्याने न बोललेली हमी जाते. पण त्याने लेखी सांगितलं 'नंबर जुळतात', तुम्ही विशेष विचारलं, परत लेखी 'हो' आलं. ती स्पष्ट हमी झाली, बारीक ओळीने ती पुसली जात नाही. फोनवर बोलू नका, सगळं साइटच्या मेसेजमध्येच. आजच लिहा की तपासणीच्या मुदतीत मी रायफल नाकारतोय, कारण हे-हे. वेळ नोंदली जाईल, डीलर बंद असला तरी चालतं, कळवणं महत्त्वाचं. लिस्टिंगचा आणि फोटोंचा स्क्रीनशॉट आत्ता काढा, नंतर गायब होतात. मनीऑर्डरची पावती जपून ठेवा. नाहीच ऐकलं तर पोस्टाचे स्वतःचे तपास अधिकारी असतात, टपालातून फसवणूक हा त्यांचा विषय. धमकी देऊ नका, एका ओळीत सांगा फक्त.

आणि पुढच्या वेळी तीन टक्के द्या पण कार्डनेच.

मिरजमळा:
दादा, तुम्हाला जुन्याच घ्यायच्या असतील तर क्युरिओ-रेलिकचं, म्हणजे जुन्या बंदुकांच्या संग्राहकाचं, लायसन काढा ना, तीन वर्षांचे ३० डॉलर. पन्नास वर्षांच्या वरच्या, मूळ स्वरूपातल्या थेट घरी मागवता येतात. वही मात्र नीट ठेवावी लागते, आलेली प्रत्येक लिहायची.

आणि बोली लावायच्या आधी फोटो मागायची माझी पद्धत सांगते, 'नंबर जुळतात का' असं विचारतच नाही. 'बोल्टच्या दांडीचा, रिसीव्हरचा आणि नळीचा नंबर एकाच फोटोत द्या' म्हणते. नाही दिला की बोली नाही.

---

(मूळ धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारीच डेटनकर म्हणाले तसा मेसेज टाकला, स्क्रीनशॉट काढले. सोमवारी त्याचं उत्तर आलं, ९० डॉलर परत देतो, ठेवून घ्या. खरं सांगायचं तर मी डळमळलो. दिसायला रायफल सुंदर आहे, अशोकस्तंभ अगदी कोरीव.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल लावला, फोटो दाखवले. रायफलची नेमाची साइट बघून खूश झाले, मग मी दोन नंबर वाचून दाखवले तर गप्प झाले. म्हणाले, आमच्याकडे ड्युटी संपल्यावर आर्मरीत जमा करताना जमादार आधी रायफलचा नंबर वाचायचा मग बोल्टचा, फरक निघाला तर सगळ्या गार्डला थांबवून ठेवायचा, सापडेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. दुसऱ्याचा बोल्ट घातलेली रायफल कशाला घेतोस.

मग नको कळवलं. पोस्टाच्या तपास अधिकाऱ्यांचा उल्लेख एका ओळीत केला, तासाभरात 'परत पाठवा' आलं, परतीचं शिपिंग मी भरायचं या अटीवर. मान्य केलं. मंगळवारी डीलरकाकांनी माझ्यासमोर बॉक्स बंद केला, वहीत लिहिलं, ट्रॅकिंग नंबर दिला. त्यांचे २५ डॉलर मी दिले, त्यांची काही चूक नव्हती.

पैसे हातात आले की इथे कळवेन. मिरजमळा ताई, लायसनच्या फॉर्मबद्दल तुम्हाला व्यनि (खाजगी निरोप) केलाय, ग्रीन कार्डवाल्यांना कुठला नंबर कुठे लिहायचा ते एकदा सांगा.