नव्या गाडीचे टवके आणि कोरडं फडकं : संभाजीनगरच्या एका सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

ए-१०२ : नमस्कार. गाड्यांची माहिती असणाऱ्यांनी जरा सांगा. नवी गाडी घेऊन समृद्धी महामार्गावरून नागपूरला जाऊन आलो. घरी आल्यावर धुतली तर बॉनेटच्या पुढच्या कडेला बारीक पांढरे ठिपके. नखानं चाचपलं तर रंगाचा टवकाच उडालाय. शोरूमला फोन केला, तर म्हणाले, "मॅडम, आजकाल वॉटर बेस्ड पेंट येतो, तो नाजूकच असतो. वॉरंटीत बसत नाही." एवढे पैसे मोजून रंग असा?

सी-२०१ : ताई, आमच्याही गाडीला तेच झालंय. वडिलांची पद्मिनी होती, आम्ही पोरं तिच्या बॉनेटवर चढून चिंचा पाडायचो. रंगाला काही झालं नाही. आता रंगात पैसे वाचवायलेत कंपन्या.

बी-४०४ : सिरॅमिक कोटिंग करून घ्या. सूतगिरणी चौकात एक जण करतो. नाईन एच म्हणजे एकदम कडक. दहा गाड्या जमल्या तर स्वस्तात देतो म्हणायलाय. नावं घेऊ का?

बी-३०१ : नावं घ्यायची जरा थांबवा भाऊ. ताई, ते ठिपके रस्त्यावरचा खडा लागून पडलेत. दगडाचा मार वॉरंटीत बसत नाही हे त्यांचं बरोबर आहे, पण कारण चुकीचं सांगितलं. माझी सगळी नोकरी वाळूजला पेंट शॉपमध्ये, म्हणजे कारखान्यातल्या रंगकाम विभागात गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

पाण्यावरचा असतो तो मधला बेस कोट, ज्यात रंगछटा असते. रंग मारताना सॉल्व्हंटची, म्हणजे रंग पातळ करणाऱ्या रसायनाची वाफ हवेत कमी जावी म्हणून तो आला. भट्टीतून बाहेर आल्यावर त्यात पाणी उरत नाही. आणि आपला हात, फडकं, खडी हे सगळं आधी लागतं ते त्याच्यावरच्या क्लिअर कोटला, म्हणजे पारदर्शक थराला. तो बहुतेक गाड्यांना आजही सॉल्व्हंटचाच असतो. तेव्हा टवक्याचं खापर पाण्यावर फोडू नका.

बी-३०१ : आता थर. फॉस्फेटिंग, म्हणजे रंग धरावा म्हणून पत्र्यावर करायची रासायनिक प्रक्रिया झाली की अख्खी बॉडी टाकीत बुडवून, वीज सोडून सीईडी कोट हा पहिला थर चढवतात. तो दाराच्या पोकळीत, कोपऱ्याकोपऱ्यात पोचतो. गंज अडवणारा खरा थर तोच, जाडी साधारण २० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर सरफेसर हा अस्तराचा थर ३०-३५, मग बेस कोट १५-२०, आणि वर क्लिअर ३५ ते ५०. सगळं मिळून १०० ते १२५ मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद धरा, तेवढंच. ऊन, पाऊस, पाखरांची घाण आणि समोरून येणारा दगड, एवढं सगळं या जाडीनं अडवायचं असतं. मी आयुष्यभर जवळून पाहिलं आणि मला अजूनही त्याचं कौतुक वाटतं.

सी-२०१ : पण काका, जुना रंग जाड होता हे तरी खरं ना?

बी-३०१ : जाड होता, शंभर टक्के. पण एकरंगी गाडीवर क्लिअर कोट नसायचा. आपल्याकडच्या मे महिन्यात दोन-तीन उन्हाळे काढले की रंग पांढुरका पडायचा, पुसलं की फडक्याला रंग लागायचा. लाल गाड्या गुलाबी झालेल्या तुम्हीही पाहिल्या असतील. जाड असल्यानं रबिंगची पेस्ट घासून खालचा ताजा रंग वर काढता यायचा, म्हणून तो टिकाऊ वाटायचा. आणि त्या गाड्यांच्या दारांच्या खालच्या कडा कशा सडायच्या तेही आठवा. आता दहा वर्षांची गाडीसुद्धा तशी सडलेली क्वचित दिसते. उन्हापुढे आणि गंजापुढे आजचा रंग कितीतरी सरस आहे. कमी पडतो तो एकाच ठिकाणी : वारंवार घासून घ्यायला त्याच्याकडे जाडी नाही.

तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट मात्र खरी आहे. काही कंपन्या आता सरफेसरचा वेगळा थर देत नाहीत, त्याचं काम बेस कोटकडूनच करून घेतात. सरफेसर दगडाचा मार थोडा गिळतो. तिथे काटकसर झाली की फरक पडू शकतो.

ए-१०२ : मग रंग अजून कडक का नाही करत?

बी-३०१ : फार चांगला प्रश्न विचारलात. कडक केला तर दगड बसल्यावर टवका उडतो, मऊ ठेवला तर फडक्यानं ओरखडा पडतो. दोन्ही एकदम साधत नाही. म्हणून टवका आणि ओरखडा ही दोन वेगळी दुखणी समजा आणि उपायही वेगळे करा.

टवका येतो वेगातून. वेग दुप्पट झाला की दगडाचा मार चौपट होतो. बीड बायपासला ६० नं जाताना जो खडा टक् करून निघून जातो, तोच समृद्धीवर १२० नं रंग फोडून खाली प्रायमरपर्यंत जातो. खडीच्या हायवामागे (टिपरमागे), उसाच्या ट्रॉलीमागे, नव्यानं बारीक खडी पसरलेल्या रस्त्यावर अंतर ठेवून चालवा. याच्याइतका दुसरा उपाय नाही.

बी-४०४ : आणि सिरॅमिक?

बी-३०१ : त्याचा थर एक-दोन मायक्रॉनचा. पाणी पटकन निथळतं, चिखल धरत नाही, चकाकी येते. हे फायदे खरे आहेत, पण दगड त्याला जुमानत नाही. आणि ते नाईन एच म्हणजे पेन्सिलीच्या शिशाच्या कडकपणाचं माप. सगळ्यात कडक पेन्सिलीनं ओरखडा पडला नाही एवढाच त्याचा अर्थ. दगड खरोखर अडवते ती पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, १५० ते २०० मायक्रॉनची, म्हणजे मूळ रंगाहून जाड. महाग असते. महामार्गावर कायम फिरणाऱ्यानं फक्त बॉनेट, पुढचा बंपर आणि आरशांना लावली तरी पुरे. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं दोन्हींवर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

ए-१०२ : काका, गॅरेजवाला म्हणतो अख्खं बॉनेट रंगवून घ्या.

बी-३०१ : अजिबात नको. कंपनीत वरचा रंग १४० अंशांच्या आसपास भाजतात. गॅरेजमध्ये वायरिंग, प्लास्टिक सगळं बसवलेलं असतं, म्हणून ६० च्या आसपासच थांबावं लागतं. त्या रंगाचं रसायनही त्यामुळे वेगळं असतं. चांगला कारागीर उत्तम काम करतो, पण चार टवक्यांसाठी मूळ रंग घालवायचा नाही. दाराच्या खांबावर किंवा बॉनेटखाली स्टिकरवर कलर कोड असतो, त्याची टच-अपची बाटली मागवा. टवक्यातली धूळ आणि मेण स्पिरिटनं काढा, पत्रा उघडा दिसत असेल तर आधी प्रायमरचा ठिपका द्या. मग टूथपिकच्या टोकानं रंग, दोन-तीन पातळ थरांत, मधे वाळू देऊन, शेवटी क्लिअर. एकदम भरला तर फुगवटा येतो. आपली हवा कोरडी, त्यामुळे कोकणासारखी घाई नाही, पण मृग लागायच्या आत करून घ्या. बंपरवरचा टवका राहिला तरी चालेल, प्लास्टिक गंजत नाही.

ए-५०३ : आमच्या दाराला गेट घासलंय. क्लेम करू का?

सी-१०३ : मी विम्याचं काम बघतो म्हणून सांगतो. एका क्लेमनं तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट जाते. ती पहिल्या वर्षाला २० टक्के आणि वाढत वाढत ५० पर्यंत पोचतो. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १००० रुपये स्वतःचे भरावे लागतात. एका दारासाठी आधी गॅरेजचा आकडा घ्या, मग ठरवा.

बी-३०१ : आता जे मला सगळ्यात जास्त खुपतंय ते लिहितो. कालच पार्किंगमध्ये फिरून आलो. टवके दोन-चार गाड्यांना आहेत. पण काळ्या, निळ्या झाडून सगळ्या गाड्यांच्या बॉनेटवर उन्हात गोल गोल बारीक रेषा दिसतात. ते समृद्धीनं केलेलं नाही, आपल्याच पार्किंगमध्ये रोज सकाळी होतंय. एकच कोरडं फडकं सगळ्या गाड्यांवर फिरतं. आपली धूळ म्हणजे खडी क्रशरची, बेसाल्टची भुकटी, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. ती कोरडी दाबून फिरवली की रोज रंग खरवडला जातो. धुळीच्या गाडीवर कव्हर घालून ते वाऱ्यानं फडफडलं तरी तेच होतं.

मग आपण दिवाळीला मशीन पॉलिश मारून त्या रेषा काढतो. पॉलिश म्हणजे क्लिअर कोट थोडा खरडून काढणं. ऊन अडवणारं रसायन त्याच थरात असतं. असं दरवर्षी केलं की काही वर्षांत छतावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटायला लागतात, त्याला मग रंगवण्याशिवाय इलाज नाही. चरा ओला केल्यावर दिसेनासा होत असेल आणि नख अडकत नसेल, तरच तो पॉलिशनं जातो, आणि तोही तेवढ्याच जागी करा.

सेक्रेटरी : काका, तुमचं पटतंय. पण पाण्याचं काय? नळाला पाणी कधी आठ दिवसांनी, बाकी टँकर. पाइप लावून गाड्या धुवायला आपणच बंदी घातली आहे. पुसणाऱ्या पोरालाही आपणच कोरडं पुसायला सांगितलंय.

बी-३०१ : पोराचा काही दोष नाही साहेब, आणि बंदीही योग्यच आहे. दोन लिटरचा हाताचा फवारणी पंप मिळतो, कृषी सेवा केंद्रात. एका गाडीला तेवढं पाणी पुरतं. आधी फवारून धूळ भिजवायची, पाच मिनिटं थांबायचं, मग मायक्रोफायबरचं कापड न दाबता एका दिशेनं ओढायचं. कापडाची घडी बदलत राहायची, गोल फिरवायचं नाही. पंप नवाच घ्या, तणनाशकाचा जुना वापरू नका. पाणी बोअरचं नको, त्याचे क्षार तापलेल्या पत्र्यावर डाग धरून बसतात. उन्हं यायच्या आत उरका. आणि रोजची गरज नाही, आठवड्यातून दोनदा पुरे. मधल्या दिवशी धूळ तशीच राहू द्या, नुसती बसलेली धूळ रंगाला काही करत नाही.

सी-२०१ : रोज पुसलं नाही तर पोराचे पैसे कमी करणार का? ते मला पटणार नाही.

सेक्रेटरी : पैसे तेच राहतील, काम जास्त निगुतीचं आहे. दोन पंप सोसायटी घेईल. प्रत्येक गाडीमागे दोन कापडं ज्यानं त्यानं द्यायची, फ्लॅट नंबर टाकून. काका, रविवारी सकाळी सात वाजता तुम्ही पोराला एका गाडीवर करून दाखवा.

बी-३०१ : येतो. कापडं घरी धुताना कम्फर्टसारखं काही टाकू नका, धागे बुजतात आणि धूळ धरत नाहीत. आणि जमिनीवर पडलेलं कापड त्या दिवशी गाडीला परत लावायचं नाही, हे पोरालाही सांगा आणि घरच्यांनाही.