२१ औंसांची जीन्स: गुडघ्याखाली आवळून घ्यावी की राहू द्यावी?

निळीचा_डाग:

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी कामानिमित्त जपानला जाणे झाले, तेव्हा ओकायामा प्रांतातल्या कोजिमा या गावासाठी एक दिवस मुद्दाम राखून ठेवला होता. तिथून २१ औंसांची, धोट्याच्या मागावर विणलेली आणि पाण्याचा स्पर्शही न झालेली जीन्स घेऊन आलो. औंसांचा हिशेब ज्यांना नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो की हे वजन एक चौरस वार कापडाचे असते. म्हणजे माझ्या जीन्सचे कापड चौरस मीटरला साधारण ७१० ग्रॅम भरते, आणि आपण एरवी दुकानातून घेतो त्या जीन्सचे बहुधा याच्या निम्मे. पहिले काही आठवडे ती घालून खुर्चीत बसणे हेही एक काम होते. रात्री काढून ठेवली की ती भिंतीला टेकून स्वतःच्या पायावर उभी राहायची.

आता सात महिने झाले, आठवड्यातून चार दिवस वापरतो, अजून एकदाही धुतलेली नाही. कंबर चोख बसते, मांडीला हवी तेवढी मोकळीक आहे. अडचण गुडघ्याखाली आहे. तिथून ती सरळ नळीसारखी उतरते आणि सपाट ठेवून मोजली तर बॉटम, म्हणजे पायाच्या खालच्या तोंडाची रुंदी, पावणेनऊ इंच भरतो. मला तो साडेसात हवा आहे. आतल्या शिवणीची लांबी ३४ इंच असल्यामुळे खाली दोनदा दुमडून घालतो.

पुण्यात दोन शिंप्यांकडे चौकशी केली. पहिल्याने कापड चिमटीत धरून पाहिले, "सुई मोडेल" एवढेच म्हणाले आणि जीन्स परत केली. दुसऱ्याने १५० रुपयांत उद्या संध्याकाळी देतो असे सांगितले आणि टेप गुंडाळता गुंडाळता विचारले, "दोन्ही बाजूंनी घेऊ ना?" बाहेरच्या बाजूला कापडाचा मूळ विणलेला, लाल दोऱ्याचा काठ आहे, ज्यासाठी एवढे पैसे मोजले. त्या बाजूने घेतले तर तोच कापला जाणार, त्यामुळे मी जीन्स उचलून घरी आलो.

गुडघ्याच्या मागे आता मधाच्या पोळ्यासारख्या फिक्या रेषा उमटू लागल्या आहेत, त्यांचे काय होईल हीही धास्ती आहे. तेव्हा फिटिंग करून घ्यावे का, घ्यायचे तर पहिल्या धुण्याआधी की नंतर, आणि सव्वा इंच ही मागणी अवाजवी आहे का, याबद्दल अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

---

उल्हासनगरचा_कारागीर:

मी उल्हासनगरात जीन्सच्या शिलाईत अठरा वर्षे आहे. तुमच्या पहिल्या शिंप्याने नकार दिला तो प्रामाणिकपणाने दिला, असे मी समजतो. भीती दुसऱ्याची वाटते.

तुमची जीन्स उलटी करून पाहा. बाहेरच्या बाजूची शिवण उघडी आहे, म्हणजे दोन काठ एकमेकांशी जोडून दोहोंकडे पसरून ठेवले आहेत. आतल्या बाजूची शिवण तशी नाही. तिथे दोन्ही कापडांच्या कडा एकमेकींत अडकवून वरून दोन समांतर टाके घातलेले असतात. कारखान्यात हे काम फीड ऑफ आर्म मशीनवर होते, जे गल्लीतल्या शिंप्याकडे नसते. काठ वाचवायचा असेल तर जे काही आत घ्यायचे ते याच आतल्या शिवणीतून घ्यावे लागेल, आणि खरी गोम इथेच आहे.

हिशेब असा. सपाट मापात सव्वा इंच कमी म्हणजे घेरात अडीच इंच कमी. साध्या पँटमध्ये हे दोन शिवणींत वाटून घेतात, त्यामुळे प्रत्येक कडेवरून जेमतेम पाऊण इंचाच्या आत कापड जाते. तुमच्याकडे एकच शिवण मोकळी आहे, म्हणून पुढच्या पाटावरून सव्वा आणि मागच्या पाटावरून सव्वा असे सगळे एकाच बाजूने जाईल. पायाचा मध्य बाहेर सरकेल आणि समोरून पाहणाऱ्याला पाय पिळल्यासारखा दिसेल. माझ्या हातचा अनुभव असा की सपाट मापात पाऊण इंचापर्यंत घेतलेले डोळ्यांत येत नाही. इंचाच्या पुढे गेले की शिंपी कितीही चांगला असो, लपत नाही.

शिवाय घट्ट करण्याची सुरुवात गुडघ्यापाशी करून चालत नाही. गुडघ्याच्या चार-पाच इंच वरून रेघ हळूहळू आत यावी लागते, नाहीतर गुडघ्याखाली कोन पडतो आणि जाड कापडात तो इस्त्रीनेही जात नाही.

आता सुईबद्दल. आतल्या शिवणीत जिथे कडा अडकवलेल्या आहेत तिथे कापडाचे चार थर असतात. खाली बॉटमला तीच शिवण दोनदा दुमडली की चार त्रिक बारा थर होतात. २१ औंसांचे बारा थर घरगुती मशीन ओढूच शकत नाही. जड कामाचे जुकी मशीन, १९ किंवा २१ नंबरची सुई, शिवणीच्या गाठीवर आधी हातोडीने दोन-चार ठोके, आणि ती गाठ आली की पायडल सोडून हातचाकाने एकेक टाका, असे ते काम आहे. शिंप्याकडे गेलात की "जमेल का" असे विचारू नका, कारण जमत नाही असे फार थोडे जण म्हणतात. त्याऐवजी त्याने स्वतः शिवलेली एखादी जाड जीन्स दाखवायला सांगा आणि बॉटमच्या गाठीवर टाके सुटलेत का ते पाहा.

---

धोटा:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे. मी इचलकरंजीचा, घरात तीन पिढ्या माग आहेत. डेनिम आम्ही विणत नाही, पण कापड पाण्यात गेल्यावर काय करते हे लहानपणापासून पाहिले आहे. त्यामुळे तुमच्या तीन प्रश्नांपैकी धुण्याच्या प्रश्नाला मी सर्वांत आधी ठेवीन.

न धुतलेल्या कापडावर कात्री चालवू नका. तुमच्या जीन्सचे कापड सॅन्फोराइज्ड आहे की नाही, हे तिच्या कागदावर किंवा दुकानाच्या संकेतस्थळावर लिहिलेले असेल. ओलावा, उष्णता आणि दाब देऊन कापड कारखान्यातच आटवून घेण्याची ही पद्धत सॅनफर्ड क्लुएट या अमेरिकन माणसाने १९३० च्या सुमारास रूढ केली. असे कापड पहिल्या पाण्यात एक ते तीन टक्के आटते, आणि ही प्रक्रिया न केलेले सात ते दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. तुमच्या ३४ इंच लांबीवर पहिल्या प्रकारात जास्तीत जास्त एक इंच जाईल, दुसऱ्या प्रकारात सुमारे अडीच ते साडेतीन इंच. आटणे मुख्यतः ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या दिशेने असते, पण घेरातही थोडा फरक पडतो. आज मोजलेले पावणेनऊ धुतल्यावर पावणेनऊ राहीलच असे नाही.

दुसरे म्हणजे डेनिमची वीण तिरकी असते आणि असे कापड पहिल्या पाण्यात तिरकसपणाच्या दिशेने ओढले जाते. बहुतेक गिरण्या हे टाळण्यासाठी कापड आधीच थोडे उलट दिशेला ताणून देतात. जुन्या धाटणीच्या कापडात ते मुद्दाम करत नाहीत आणि तिथे बाहेरची शिवण घोट्यापाशी पुढे वळलेली दिसते. शिंप्याने रेघ सरळ मारून शिवले आणि नंतर पाय वळला, तर दोष शिंप्याच्या माथी जाईल.

गुडघ्यामागच्या रेषांची मात्र फार काळजी करू नका. निळीचा रंग ताण्याच्या धाग्याच्या बाहेरच बसलेला असतो, गाभा पांढरा राहतो, म्हणून घासले की फिके पडते. कापड आत घेतले तर त्या रेषांचे टोक शिवणीत जाईल, एवढेच.

---

हौसेचे_मोल:

मी ही हौस आधीच भागवून घेतली आहे, म्हणून लिहितो. माझी १८ औंसांची होती, सॅन्फोराइज्ड. तिच्यावर मी दोन प्रयोग एकदम केले.

कंबर दोन इंच सैल होती. शिंप्याने मागचा मधला लूप उसवला, बेल्टपट्टी कापली, बैठकीची शिवण आत घेतली आणि सगळे पुन्हा जोडले. काम नेटके होते, पण मागचे दोन्ही खिसे एकमेकांजवळ इतके सरकले की पाठमोरे पाहिले तर एकच मोठा खिसा लावल्यासारखे दिसे. कंबरेतून एक इंच घेतला असता तर बहुधा खपून गेले असते. शिवाय जाड डेनिमची कंबर धुतल्यावर आवळते आणि वापरात पुन्हा इंचभर सैल होते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी ताणलेल्या कंबरेवरून माप दिले होते.

दुसरा प्रयोग तुमचाच, गुडघ्याखाली घट्ट करण्याचा. आरशासमोर उभा राहिलो तेव्हा ती सुरेख दिसली. घरी येऊन पंगतीला मांडी घालून बसलो आणि पोटऱ्या अडकल्या. पातळ कापड घट्ट असले तरी पायाबरोबर वळते, जाड कापड वळत नाही, ते मोडते. गुडघ्यामागे त्याची एक धारदार घडी पडते आणि ती कातडीत रुतते. उठताना खालचा भाग पोटरीला धरून बसतो आणि वरून कंबर खाली ओढली जाते. शिंप्याने जादा कापड कापून टाकलेले होते, त्यामुळे उसवून पूर्वस्थितीला येण्याची सोय नव्हती. ती जीन्स आता माझा पुतण्या घालतो.

तेव्हा कापण्याआधी तालीम करा. जीन्स उलटी करून आतल्या शिवणीच्या बाजूने कागदपत्रांना लावतात त्या मोठ्या क्लिपा लावा. टाचण्या या कापडातून जात नाहीत, कच्चा टाका घालायला गेलात तर बोट सुजेल. मग तसेच घालून तासभर घरात वावरा, जमिनीवर बसा, जिने चढा, जमल्यास स्कूटरला किक मारून पाहा.

---

उल्हासनगरचा_कारागीर:

हौसेचे_मोल यांनी क्लिपांचे सांगितले ते उत्तम. त्यात एक भर घालतो, जी मला पहिल्या प्रतिसादात सुचायला हवी होती. तुम्ही खाली दोनदा दुमडून घालता. २१ औंसांची दुहेरी दुमड म्हणजे घोट्याभोवती एक कडक कडेच बसवले, आणि ते कडे पायाला गोल उघडा धरून ठेवते. पुष्कळदा ज्याला आपण सैल बॉटम म्हणतो तो त्या दुमडीचा फुगवटा असतो. क्लिपा लावण्याआधी जादा लांबी आतल्या बाजूला वळवून फक्त चिकटपट्टीने धरा आणि आरशात पाहा. लांबी कमी करणे हे फिटिंगच्या मानाने सोपे काम आहे आणि त्यात काठाला धक्का लागत नाही.

---

निळीचा_डाग:

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण धुण्याला आणि वाळण्याला वेळ लागला. कापड सॅन्फोराइज्डच निघाले. कोमट पाण्यात उलटी करून भिजवली, पिळता येणे शक्यच नव्हते, म्हणून नळावर निथळत ठेवली. पावसाळी हवेत गच्चीच्या छपराखाली ती वाळायला पूर्ण तीन दिवस गेले आणि तिसऱ्या दिवशीही कंबरपट्टी आतून ओलसर होती.

वाळल्यावर लांबी सव्वातेहेतीस भरली आणि बॉटम साडेआठ, म्हणजे पाव इंच तर पाण्यानेच घेतला. कंबर दोन दिवस श्वास रोखून लावावी लागली, आता पूर्ववत झाली आहे. पाय वळलेला नाही.

मग सुचवल्याप्रमाणे लांबी आत वळवून चिकटपट्टी लावली. मान्य करायला हवे की ज्या सैलपणाबद्दल मी एवढे लिहिले होते त्यातला निम्मा त्या दुमडीचाच होता. तरीही साडेसातचा मोह सुटला नव्हता, म्हणून क्लिपा लावून जेवायला पाटावर बसलो. वरणभात होईपर्यंत पोटरीला मुंग्या आल्या. आठवर क्लिपा लावल्या तेव्हा बसता आले, पण आरशात साडेआठ आणि आठ यांतला फरक मला शोधावा लागला, आणि बायकोला शोधूनही सापडला नाही.

त्यामुळे घेर तसाच ठेवला आणि फक्त लांबी ३१ करून घेतली. काम ज्या कारागिराकडून करून घेतले त्याने आधी स्वतःची जीन्स दाखवली. गाठीवर हातोडी मारताना मी समोर उभा होतो, आणि तो एकेक टाका हातचाकाने घालत होता. ३०० रुपये घेतले.

कापून निघालेली दोन्ही कडी काठासकट जपून ठेवली आहेत. आसनापाशी कापड विरू लागले की ठिगळाला कामी येतील.

---

उल्हासनगरचा_कारागीर:

ठिगळ आतून लावा आणि विरायला लागल्याबरोबर लावा, भोक पडण्याची वाट पाहू नका. वरून टाके घालताना दोरा निळा वापरा, पिवळा नको.