मदत हवी आहे : २०१५-१६ ची जुनी आयकर नोटीस

नमस्कार मंडळी. आम्ही इंदूरचे. बाबांना कर-निर्धारण वर्ष २०१५-१६ साठी कलम १४८ ची (जुनं कर-निर्धारण पुन्हा उघडण्याची) नोटीस जून २०२१ मध्ये आली. अशा नोटिसांची प्रक्रिया नव्या तरतुदींनुसार पुढे चालवायला सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या आशिष अगरवाल निकालानंतर जुलै २०२२ मध्ये पुन्हा आली. प्लॉटविक्रीवर भली मोठी मागणी निघाली, पहिलं अपील फेटाळलं गेलं.

राजीव बन्सल प्रकरणात (सर्वोच्च न्यायालय, ३ ऑक्टोबर २०२४) आयकर खात्यानेच मान्य केलं की या वर्षाच्या १ एप्रिल २०२१ पासून काढलेल्या नोटिसा सोडून द्याव्या लागतील. हा मुद्दा पहिल्या अपिलात मांडलाच गेला नाही. एनटीपीसी निकालाच्या (आधी न मांडलेला कायद्याचा मुद्दाही न्यायाधिकरणात घेता येतो, असं सांगणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाच्या) आधारे तो आयकर अपील न्यायाधिकरणात नव्याने घेता यावा, असं मला वाटतं. न्यायाधिकरणाच्या इंदूर खंडपीठासमोर कुणी असं केलंय का? वेगळा अर्ज लागतो का? बाबांची झोप उडालीय. अपिलाची मुदतही संपत आलीय. अशी प्रकरणं चालवणारे इथले सीए किंवा वकील ठाऊक असतील तर कृपया लवकर कळवा.