सिंधमधल्या टायफॉइडवर सेफ्ट्रायअॅक्सोन का चालत नाही?

प्रश्न: पाकिस्तानातल्या हैदराबादेत २०१६ मध्ये सुरू झालेल्या साथीत हे इंजेक्शन का फसलं? मग देतात काय?

उत्तर १: त्या जंतूत क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन आणि कोट्रायमॉक्साझोलचा प्रतिरोध गुणसूत्रातच होता. वर एक प्लाझ्मिड (जंतूंमध्ये एकमेकांकडे जाणारं डीएनएचं छोटं वर्तुळ) मिळालं, बहुधा ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूकडून. त्यावरच्या जनुकापासून बनणारं सीटीएक्स-एम-१५ विकर (एन्झाइम) सेफ्ट्रायअॅक्सोनचे रेणू फोडतं. त्याच प्लाझ्मिडवर सिप्रोफ्लॉक्सासिनचा (सिप्रो) प्रतिरोधही होता. पाच औषधं एकदम गेली!

उत्तर २: उरतं अॅझिथ्रोमायसिन: दिवसाला वजनाच्या किलोमागे २० मिलिग्रॅम, कमाल १ ग्रॅम, ७ दिवस. गंभीर रुग्णाला मेरोपेनेमचं इंजेक्शन.

उत्तर ३: पहिल्या डोसाआधी ब्लड कल्चर (रक्तातले जंतू वाढवून त्यांच्यावर कोणतं औषध चालतं ते पाहणारी तपासणी) घ्याच, प्रौढाचं ८-१० मिलिलिटर रक्त. कोणतं औषध लागू पडेल ते विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी सांगत नाही. आणि योग्य औषधावरही ताप उतरायला ४-६ दिवस लागतात; तिसऱ्या दिवशी औषध बदलू नका.