मदत हवी आहे: नवा असेंबल केलेला पीसी सुरू होत नाही, पंखा अर्धा फेरा घेऊन थांबतो (सांगली)

विश्रामबागकर

जुन्या कॅबिनेटमध्ये नवे पार्ट घालून पीसी जुळवलाय. बटण दाबलं की सीपीयूचा पंखा अर्धा फेरा घेतो आणि सगळं बंद. बीप नाही, स्क्रीन काळी. परत बटण दाबलं तर पंखा हलतसुद्धा नाही. एसएमपीएसचा (पीसीला वीज देणाऱ्या पावर सप्लायचा) मागचा स्विच बंद करून मिनिटभराने चालू केला की पुन्हा तोच अर्धा फेरा.

पार्ट असे: रायझन ५ ५६००, बी-५५० चा एटीएक्स बोर्ड, ८ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, जीटीएक्स १६५० (वेगळी पावर केबल न लागणारं मॉडेल), एम.२ एसएसडी, ५५० वॉटचा नवा एसएमपीएस. कॅबिनेटमध्ये आधी मायक्रो एटीएक्स बोर्ड होता. बोर्डाची २४ पिनची आणि सीपीयूची ८ पिनची, दोन्ही पावर केबल लावल्यात. रॅम अदलाबदल करून झाल्या. दुकानदार म्हणतो, बोर्ड वॉरंटीत पाठवा. त्याआधी घरी काय तपासता येईल? मल्टिमीटर आहे.

पितळी_स्क्रू

बोर्ड पाठवायची घाई नको. मागचा स्विच बंद-चालू केल्याशिवाय दुसऱ्यांदा काहीच हालचाल नाही, यातच निम्मं उत्तर आहे. एसएमपीएसला कुठेतरी शॉर्ट दिसतोय, म्हणून त्याचं संरक्षण लागतंय, आणि मेन सप्लाय तोडून परत देईपर्यंत ते सुटत नाही. नुसती रॅम खराब असती किंवा बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) जुना असता तर सहसा पंखे फिरत राहिले असते, फक्त डिस्प्ले आला नसता. तेव्हा रॅमचा नाद सोडा, शॉर्ट शोधा.

माझा पहिला संशय कॅबिनेटवर. मायक्रो एटीएक्ससाठी (छोट्या आकाराच्या बोर्डासाठी) लावलेले सगळे पितळी स्टँडऑफ (बोर्डाला पत्र्यापासून उंच धरणारे खुंट) मोठ्या एटीएक्स बोर्डाच्या छिद्रांखाली येत नाहीत, तळाच्या रांगेतले तर नाहीतच. तिथला एखादा तसाच राहिला असेल तर तो बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकतो. कॅबिनेट म्हणजे ग्राउंड. १२ व्होल्टचा बिंदू त्याला टेकला की झालं.

वायर काढा, बटण पाच-दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज घालवा आणि बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. बोर्ड ज्या चंदेरी अँटिस्टॅटिक पिशवीत येतो तिच्यावर ठेवू नका, तिचा थर वीजवाहक असू शकतो. त्यावर फक्त सीपीयू, कूलर आणि एक रॅम (सीपीयूपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये) राहू द्या. ग्राफिक्स कार्ड, एसएसडी, यूएसबीच्या वायरी सगळं काढा. कॅबिनेटचं बटणही नको, बोर्डावरच्या पावर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

पुठ्ठ्यावर पंखा फिरत राहिला तर दोष कॅबिनेटमध्ये किंवा काढलेल्या वस्तूंत. तिथेही अर्धाच फेरा झाला तर दोष बोर्ड, सीपीयू किंवा एसएमपीएसमध्ये.

कृष्णाकाठ

वरचं बरोबर आहे, पण बोर्ड काढण्याआधी ती ८ पिनची केबल बघा की. सीपीयूची ४+४ असते, ग्राफिक्स कार्डची ६+२. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड नेमके उलट बाजूंना असतात. खाचा वेगळ्या असल्या तरी जोर लावला की बसते, आणि लक्षण हुबेहूब हेच येतं. एसएमपीएस मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्याच्या केबल नव्याला लावू नका. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना कंपनीगणिक बदलते.

मल्टिमीटर आहेच, तर एसएमपीएसच्या केबल काढून बोर्डावरच्या त्या ८ पिनच्या सॉकेटमध्ये १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये कंटिन्युइटी (मीटरचा बीपवाला मोड) बघा. क्षणभर बीप होऊन थांबला तर हरकत नाही, कपॅसिटर भरताना तसं होतं. सतत बीप म्हणजे शॉर्ट.

एसएमपीएस एकटा तपासायचा तर २४ पिनमधली हिरवी वायर (पिन १६) शेजारच्या काळीला जोडा, एखादा पंखा लोड म्हणून लावा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये. यातून तो जिवंत आहे एवढंच कळतं, लोड पेलतो की नाही ते नाही. आणि एसएमपीएस उघडू नका. आतला मोठा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या वर भरलेला असतो.

विश्रामबागकर

केबल बरोबर आहे, नव्या एसएमपीएसचीच. कंटिन्युइटीत सतत बीप नाही. पुठ्ठ्यावर पंखा फिरत राहतोय! कॅबिनेटमध्ये तळाच्या रांगेत एक स्टँडऑफ आहे, त्याच्यावर बोर्डाचं छिद्र नाही. पण पुठ्ठ्यावर बोर्डाच्या एचडीएमआयमध्ये मॉनिटर लावला तर 'नो सिग्नल', आणि बोर्डावर व्हीजीएचा (ग्राफिक्समधली अडचण दाखवणारा) दिवा लागलाय.

पितळी_स्क्रू

तो दिवा लागणारच. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही (५६००जी मध्ये असतं), त्यामुळे बोर्डाचा एचडीएमआय तुमच्यासाठी शोभेचा. उलट ही चांगली खूण आहे: सुरू होताना बोर्डाची तपासणी आधी सीपीयू, मग रॅम, मग व्हीजीए अशी होते, म्हणजे पहिले दोन पास झाले. सीपीयूच्या दिव्यावर अडकलं असतं तर बायोसचा संशय घेतला असता. बी-५५० बोर्ड जून २०२० पासून विकले जाताहेत आणि ५६०० आला एप्रिल २०२२ मध्ये, त्यामुळे दुकानात पडून राहिलेल्या बोर्डाला आधी बायोस अपडेट लागू शकतो.

आता तो स्टँडऑफ काढा. बोर्डाच्या मागे त्या जागी काळा डाग किंवा तुटलेला ट्रॅक नाही ना, ते उजेडात बघा. नऊच्या नऊ छिद्रांखाली स्टँडऑफ आहेत याची खात्री करून मगच बोर्ड बसवा. मागच्या आयओ शील्डचं (पोर्टांभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीचं) पातं यूएसबी किंवा लॅनच्या पोर्टात घुसलं नाही ना, तेही बघा. मग कार्ड लावा आणि मॉनिटरची केबल कार्डाला.

विश्रामबागकर

डाग नाही. सगळं बसवलं, डिस्प्ले आला, बायोसमध्ये १६ जीबी दिसतेय. फक्त रॅमचा वेग २४०० वरच आहे. आणि कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. पुन्हा शॉर्ट?

कृष्णाकाठ

रॅमसाठी बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा (काही बोर्डांत नाव डीओसीपी).

झिणझिण्या वेगळ्या. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर कॅबिनेटशी जोडलेले असतात. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर मेनच्या साधारण निम्मं व्होल्टेज येतं. करंट अगदी थोडा असतो, पण यूएसबी किंवा एचडीएमआय लावताना पोर्ट जाऊ शकतं. सॉकेटमध्ये फेज आणि अर्थच्या मध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत यायला हवं. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून हे मोजायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात घरात पाणी आलं असेल तर घराच्या विजेच्या बोर्डातली आणि अर्थ पिटमधली जोडणी गंजलेली असू शकते, ती उघडून बघायला सांगा. तोवर केबल लावता-काढताना एसएमपीएसचा प्लग सॉकेटमधून बाहेर.